एक फोन, चोवीस मुलं, तीनशे फोटो: चौथीच्या वर्गातला हळदीचा चलत्पट

कागदी तुकडे थोडे थोडे सरकवून दर वेळी फोटो काढायचा आणि ते सगळे ओळीने भरभर दाखवायचे, की हलत्या चित्रांचा चलत्पट (स्टॉप मोशन) होतो. तीन मिनिटांचा चलत्पट आणि सेकंदाला दहा फोटो, म्हणजे १८०० फोटो. कागदी तुकडा सरकवायचा, हात बाहेर घ्यायचा, बटण दाबायचं, एवढ्याला चौथीतल्या मुलांना साधारण वीस सेकंद लागतात. १८०० फोटोंना झाले दहा तास. ३५ मिनिटांच्या तासिकेत मांडामांड आणि आवराआवर वजा जाता खरी वीस मिनिटं हाताशी राहतात. त्या हिशेबाने नुसतं चित्रण तीस तासिका खातं. एवढ्या तासिका कुठल्याच वर्गाकडे नसतात. मग ठरलेलं घडतं: दोन-तीन दिवस मुलं उत्साहाने फोटो काढतात, काम रेंगाळतं, आणि उरलेला चलत्पट शिक्षक घरी बसून पुरा करतात. शेवटी नाव मुलांचं आणि काम बाईंचं.

हे प्रकरण त्या तीस तासिकांच्या सहा कशा झाल्या याचं आहे. मिरज तालुक्याच्या पश्चिम भागात, कसबे डिग्रजच्या आसपासच्या हळदीच्या पट्ट्यातली दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर ठेवून ते जुळवलं आहे. अशा अनेक शाळांत जे घडतं, ते इथे एका वर्गात आणून मांडलं आहे. तिसरी-चौथी एकाच खोलीत आणि एकाच बाईंकडे. चौथीचा पट २४, त्यातली काही मुलं ऊसतोडणीच्या तळावरची, म्हणजे कधीही गावी परतणारी. साधनं दोनच: बाईंचा स्वतःचा अँड्रॉइड फोन आणि लोकवर्गणीतून आलेला टीव्ही. रेंज येते-जाते. विषय परिसर अभ्यासातला: आपल्या भागातलं पीक शेतातून बाजारापर्यंत कसं जातं.

विषय हळदीचाच का

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, डिग्रजला हळदीचं संशोधन केंद्र आहे, सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे आणि २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली. हे सगळं खरं असलं, तरी चौथीच्या वर्गासाठी विषय निवडण्याचं कारण साधं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी आणि शिजवणी शाळेच्या कुंपणापलीकडेच चालू असते, आणि चूक दाखवून देणारी माणसं घरातच असतात. मुलाचं काम तपासायला बाईंखेरीज दुसरं कुणी नसेल, तर मूल बाईंना आवडेल ते करतं.

स्टेशनरीच्या दुकानातले तयार चित्रांचे तक्ते कापून वहीत चिकटवणं हा आपल्याकडचा प्रचलित ‘प्रकल्प’. फोन आल्यावर त्याचं नुसतं रूप बदललं: इंटरनेटवरून चित्रं उतरवायची. या वर्गातही सुरुवात तशीच झाली होती. उतरवलेल्या चित्रांपैकी एकात हळद नव्हती, आल्याचा गड्डा होता. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ते चित्र मिळवायला कुणालाच गड्डा हातात घेऊन बघावा लागला नव्हता.

आधी आवाज, मग फोटो

तीस तासिका सहावर आल्या त्या क्रम उलटा केल्यामुळे. सहसा आधी चित्रण होतं आणि नंतर त्यावर आवाज बसवायची धडपड चालते. इथे आधी निवेदन ठरलं, ते फोनवर घेतलं, त्याची लांबी सेकंदांत मोजली आणि तेवढेच फोटो काढायचे ठरले.

सहा गट, प्रत्येकी चार मुलं, सहा प्रसंग: लागवड, भरणी (झाडांना मातीची भर घालणं), काढणी, शिजवणी, वाळवण आणि पॉलिश, सांगलीच्या बाजारातला सौदा. प्रत्येकाला दहा सेकंद. मुलं न धापा टाकता सेकंदाला दोन शब्द बोलतात, म्हणजे निवेदन वीस शब्दांच्या आत बसवायचं. ही मर्यादा कडक वाटते, पण लेखनाचं खरं काम तीच करून घेते. शिजवणीच्या गटाचा पहिला मसुदा पानभर होता. कापून कापून उरलं ते असं: “काहिलीत नाहीतर कुकरात हळद शिजवत्यात. फेस आला, वास सुटला की काडी टोचून बघायची. काडी आरपार गेली की झाली शिजून.” एकोणीस शब्द. ‘शिजवत्यात’ला हात लावला नाही, आणि लावूही नये. निवेदन घरच्या बोलीत असलं की मूल सांगतं. ते पुस्तकी केलं की धड्याचा सूर लागतो आणि पुढचं सगळं कंटाळवाणं होतं. त्यासाठी आणखी एक उपाय केला: मजकूर दोनदा वाचून झाला की कागद बाजूला ठेवायचा आणि समोरच्या मुलाला सांगायचं.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो आणि हाताने ऍनिमेशन करणारे बहुधा १२ वर भागवतात. प्राथमिकच्या वर्गात ५ पुरतात. हालचाल थोडी तुटक दिसते, पण गोष्ट कळते. दहा सेकंदांना ५० फोटो, सहा प्रसंगांना ३००. पन्नास फोटोंना वीस सेकंदांप्रमाणे सतराएक मिनिटं लागतात, म्हणजे एका तासिकेत एक प्रसंग. हा हिशेब बाईंनी फळ्यावर करून दिला नाही, गटांनी वहीत केला. गुणाकार-भागाकाराची याहून खरी उदाहरणं चौथीत फारशी सापडत नाहीत, कारण इथे उत्तर चुकलं तर दुसऱ्या दिवशी फोटो कमी पडतात.

आवाज घेतला तो धान्याच्या खोलीत. पत्र्याच्या छताच्या वर्गात आवाज घुमतो. तांदळाची पोती तो शोषून घेतात. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका धरायचा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’च्या वेळी माइकवर फुंकर बसते आणि ‘फेस’च्या जागी नुसता फुस्स ऐकू येतो. पार्श्वसंगीत सिनेमातलं घ्यायचं नाही. मागचे आवाज काढायचं काम तिसरीच्या मुलांना दिलं: पत्र्याच्या डब्यात हळकुंडं फिरवून पॉलिशच्या ढोलाचा आवाज, वाळका पाला चुरून काढणीचा. एकाच खोलीतल्या दुसऱ्या इयत्तेला काय काम द्यायचं हा प्रश्नही त्यात सुटला.

मांडणी

मुलं जमिनीवर बसतात, म्हणून चित्रणही जमिनीवर. सहा-सहा विटा आडव्या रचून दोन चळती उभ्या केल्या. वीट साधारण तीन इंच उंच, त्यामुळे चळतीची उंची १८ इंच, म्हणजे साधारण ४६ सें.मी. दोन्ही चळतींवर तीन फुटी फळी आडवी टाकली. फळीवर फोन, पडदा वर आणि मागची लेन्स फळीच्या कडेबाहेर. फोन धरायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन कापलेल्या रिंगा. या उंचीवरून अर्धी कार्डशीट, ५६ बाय ३५ सें.मी., फोनच्या आडव्या चौकटीत जवळपास भरून येते. फोनप्रमाणे दोन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे होतं. तेवढं कार्डशीट सरकवून जमवायचं. विटांच्या जागी जमिनीवर रंगाचे ठिपके मारून ठेवले. दर तासिकेला मांडणी मोडून पुन्हा लावायची असल्यामुळे हे ठिपके नसते, तर प्रत्येक प्रसंगाची चौकट वेगळी आली असती.

ऍप होतं स्टॉप मोशन स्टुडिओ, त्याची मोफत आवृत्ती. ते एकदा उतरवलं की इंटरनेटशिवाय चालतं आणि आधीच्या फोटोची फिकट सावली पडद्यावर दाखवतं. तुकडा किती सरकवला हे मुलाला त्या सावलीवरून कळतं. फोन विमान मोडवर टाकायचा, ही सूचना क्षुल्लक वाटते, पण चित्रणाच्या मधोमध फोन आला की मूल तो उचलायला धावतं आणि चौकट कायमची हलते. बाईंच्या फोनवरून पोषण आहाराची माहितीही भरायची असते, म्हणून चित्रणाची वेळ ती भरून झाल्यावरची ठेवली.

उजेडाने सर्वांत जास्त त्रास दिला. खिडकीशेजारी काढलेल्या पहिल्या पन्नास फोटोंत रान कधी उजळ, कधी काळवंडलेलं, जणू दर सेकंदाला ढग येतोय. याला कारणं दोन. फोन प्रत्येक फोटोला उजेड नव्याने मोजतो, आणि पांढऱ्या सदऱ्यातलं मूल जवळ वाकलं की ते मोजमापच बदलतं. उपाय: खिडकी बंद, चोकवाली जुनी ट्यूब बंद, बाजूने ९ वॅटचा एक एलईडी बल्ब, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये उजेड व फोकस कुलूपबंद. बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर बल्ब या कामाला वापरू नये. वीज गेल्यावर तो चालू राहतो खरा, पण मंद होतो, आणि तो फरक चित्रात ढळढळीत दिसतो. वीज गेली तर थांबलेलं बरं.

घोटीव कागदही बाद केला. तो चकाकतो आणि बल्बचा पांढरा ठिपका प्रत्येक तुकड्यावर उमटतो. साधा टिंटेड कागद कार्डशीटच्या तुकड्यावर चिकटवला आणि मागे एकेक लोखंडी वायसर लावला. फेब्रुवारीच्या शेवटी सांगलीत पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंखा लावला की हलके तुकडे उडतात. वायसर लावल्यावर पंखा एक नंबरवर चालतो.

कार्डशीट, बल्ब, होल्डर, वायर आणि वायसर, सगळं मिळून खर्च पाचशे रुपयांच्या आत. फळी आणि विटा शाळेतल्याच.

बोट कुणाचं

एका गटात चार कामं: एकजण तुकडा हलवणारा, एकजण बटण दाबणारा, एकजण मोजणारा आणि एकजण पाहणारा, जो चौकटीत हात, सावली, रिबिनीचं टोक काही येत नाही ना हे बघून “हात बाहेर!” म्हणतो. ते ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. दर दहा फोटोंनी कामं बदलायची; पन्नास फोटोंत पाच पाळ्या होतात. ही अदलाबदल ऐच्छिक ठेवली तर काय होतं ते बहुतेक वर्गांत दिसतं: फोन दोन मुलग्यांच्या हातात जातो आणि कात्री-गोंद मुलींकडे. वेळेवर बदला म्हटलं की वाद होतात, ‘दहा झाले’ म्हटलं की होत नाहीत.

फिरत्या कामांचा दुसरा फायदा ऊसतोडीच्या मुलांमुळे कळला. भरणीच्या गटातला एक मुलगा मध्येच गावी गेला. प्रत्येकाला प्रत्येक काम येत असल्यामुळे तिघांनी प्रसंग पुरा केला. त्याचा आवाज मात्र चलत्पटात आहे, कारण निवेदन आधीच घेतलं होतं.

पहिल्या गटाचा बैल उड्या मारत गेला. प्रत्येक फोटोला चार-पाच सेंटिमीटर सरकवल्यामुळे बारा फोटोंतच तो चौकटीबाहेर. चौकट ५६ सें.मी., फोटो ५०, म्हणून एका वेळी साधारण एक सें.मी.; कार्डशीटच्या कडेला पेन्सिलने तशा खुणा केल्या आणि प्रश्न मिटला. प्रसंगाच्या सुरुवातीला आणि शेवटी पाच-पाच फोटो काहीही न हलवता काढायचे, हेही पहिल्या प्रसंगानंतर ठरलं. नाहीतर डोळा स्थिरावायच्या आत पुढचा प्रसंग येतो.

एक गट चित्रण करतो तेव्हा बाकीचे वीसजण काय करतात, यावर सगळं अवलंबून आहे. त्यांना ‘शांत बसा’ सांगितलं की ती तासिका गेली. एका गटाचे तुकडे कापायचे राहिलेले असतात, दुसऱ्याचा निवेदनाचा सराव, तिसरा आदल्या दिवशीचे पन्नास फोटो टीव्हीवर बघून दोष लिहितो. हे शेवटचं काम उपयोगाचं निघालं. स्वतःच्या चुका न दिसणारी मुलं दुसऱ्यांच्या मात्र चटकन पकडतात.

ढीग लहान का झाला

वाळवणीच्या गटाने पहिल्यांदा ओला आणि वाळलेला ढीग सारखाच काढला होता. निवेदनात ‘हळद वाळते’ एवढंच होतं. बाईंनी चूक सांगितली नाही, वजनकाटा आणला. शिजवलेली अर्धा किलो हळद, लवकर वाळावी म्हणून चकत्या करून, शाळेच्या ओट्यावर पसरली आणि रोज वजन वहीत मांडलं. अख्खी हळकुंडं वाळायला दोन आठवडे लागतात, चकत्यांना आठवडा पुरतो. ५०० ग्रॅमचे शेवटी शंभरच्या आसपास उरले. शेतकऱ्यांचा ठोकताळाही तोच आहे: पाच किलो ओल्या हळदीची एक किलो वाळलेली.

मग गटाने २५ कागदी हळकुंडं कापली आणि ठरवलं की प्रत्येक फोटोला एक काढून घ्यायचं. वीस फोटो, चार सेकंद, पंचवीसाची पाच. संबंध चलत्पटातला हा सर्वांत चांगला तुकडा आहे, आणि त्यात तंत्र असं काहीच नाही. काट्यावर दिसलेलं प्रमाण फोटोंच्या गणतीत उतरवलं, बस्स. फोन नसता तर हेच प्रमाण वहीत कोरडं गणित म्हणून राहिलं असतं. फोनच पहिल्या दिवशी हातात दिला असता, तर काट्यापर्यंत कुणी गेलंच नसतं. एकंदर तासिका पंधरा झाल्या: माहिती आणि प्रयोगाला तीन, निवेदन व हिशेबाला दोन, आवाजाला एक, तुकडे कापायला दोन, चित्रणाला सहा, जोडणीला एक. पहिल्या पाच तासिकांत फोन कपाटात होता.

गमावण्याच्या जागा

प्रत्येक प्रसंग ऍपमध्ये वेगळा प्रकल्प म्हणून ठेवायचा आणि त्याला लगेच नाव द्यायचं: ‘४ शिजवणी’. नाव न देता ठेवलेले सहा प्रकल्प नंतर ओळखू येत नाहीत. तासिका संपायच्या आत त्याची व्हिडिओ फाइल काढून पेनड्राइव्हवर घ्यायची. लागवडीचा प्रसंग एका बोटाच्या चुकीने कचऱ्यात गेला आणि ऍपमधून परत आला नाही; फाइल आधी काढलेली होती, म्हणून निभावलं. ऍप काढून टाकलं तर आतले प्रकल्पही जातात, हे फोनमध्ये जागा करायच्या नादात विसरलं जातं.

जोडणी बाईंनी केली नाही, प्रत्येक गटाने आपला तुकडा आपल्या आवाजावर बसवला. फोटो आणि आवाज दोन्हींची लांबी आधीच जुळलेली असल्यामुळे एका गटाला पाच-सहा मिनिटं पुरली.

चलत्पटात एकाही मुलाचा चेहरा नाही, फक्त हात आणि आवाज. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आवाजासाठी लेखी संमती घेतली, आणि चेहरे नसल्यामुळे पुढची काळजी कमी झाली. पालकांच्या गटावर पाठवताना व्हॉट्सऍप व्हिडिओ दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की आहे तसा पोचतो.

आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात ‘प्रकल्प’ या साधनाखाली गुण देताना चलत्पट किती देखणा झाला हे बघितलं नाही. पाहिलं ते निवेदनाचे मसुदे, वहीतला फोटोंचा हिशेब आणि प्रत्येकाला एकट्याला विचारलेला एक तोंडी प्रश्न, तोही दुसऱ्या गटाच्या प्रसंगावरचा. ‘ढीग लहान का झाला?’ याला ‘वाळला म्हणून’ आणि ‘पाणी गेलं म्हणून’ अशी दोन उत्तरं आली. पहिल्या उत्तरापाशी थांबलेल्या मुलांना ओट्यावरच्या वजनांची वही पुन्हा दाखवावी लागली.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चलत्पट दाखवल्यावर एका आजोबांनी काढणीत खोट काढली: “बाई, पाला कापला की लगीच कुदळ घालत नाहीत. चार-पाच दिवस रान तापू द्यायला लागतं.” बरोबर होतं. गटाने आठ शब्द वाढवले, “पाला कापला की चार दिवस रान तापू द्यायचं”, ते चार सेकंद भरले, म्हणजे वीस फोटो. चार दिवसांसाठी सूर्य चार वेळा उगवून मावळला पाहिजे, म्हणून एका दिवसाला पाच फोटो आणि सूर्याची एकेक उडी अकरा सेंटिमीटरची. विटा ठिपक्यांवर ठेवताच चौकट जशीच्या तशी जमली. दरम्यान जुना बल्ब उडाला होता आणि नवा आला तो पिवळसर उजेडाचा, त्यामुळे त्या चार सेकंदांत रान उरलेल्या प्रसंगापेक्षा पिवळं दिसतं. पांढरा बल्ब आणून वीस फोटो पुन्हा काढायचे का, असं बाईंनी विचारलं. गटाने मतदान घेतलं आणि तीन विरुद्ध एक मतांनी पिवळं रान ठेवलं.